तबला आणि इलेक्ट्रॉनिक्स: पैसे खर्च करण्याआधी लेहऱ्याचं ठरवा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तबल्यात विशारद झालात, कीर्तनापासून सुगम संगीतापर्यंत साथीची कामं करता, आणि आता स्वतःच्या नावावर काहीतरी इलेक्ट्रॉनिक, प्रयोगशील असं एकट्याने उभं करायचं आहे. लॅपटॉप आहे, पन्नास हजार बाजूला काढलेत. ऑक्टोपॅड घ्यावा की सिंथेसायझर, असं विचारलंय. जाता जाता लिहिलंय की लूप लावून वाजवायला बसलं की पाच मिनिटांत कंटाळा येतो, ‘नुसता ठेका, आणि मागे काहीतरी वाजतंय’ असं होतं. आणि शेवटी, गुरुजींना हे सांगायचं कसं?

माझ्या मते खरा प्रश्न जाता जाता लिहिलेल्या त्या वाक्यातच आहे. कंटाळा का येतो हे कळलं की काय विकत घ्यायचं ते आपोआप ठरतं. म्हणून आधी तेच.

आपण एकल वादन करतो तेव्हा मागे लेहरा असतो. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच ओळ, सोळा मात्रांची, तासभर. ही ओळ तीन कामं करते. समेची जागा दाखवते. तबल्याला सूर देते. आणि स्वतः अजिबात बदलत नाही, त्यामुळे तबल्यात होणारा बारीकसा बदलही ऐकणाऱ्याला कळतो. पेशकारात, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागात, एखादी मात्रा मागे ओढली, ती ओढलेली आहे हे श्रोत्याला लेहऱ्यामुळेच समजतं. आता तुम्ही लॅपटॉपवर लावता तो लूप बघा. बहुतेक त्यात किक, स्नेअर आणि हाय-हॅट असणार. म्हणजे तो लूप लेहऱ्याचं काम करत नाही, तबल्याचंच काम करतो. मग तुमच्या हाताला उरतं काय? एक तर त्याच ठोक्यांवर ठोके देणं, नाहीतर मधल्या जागा भरणं. तुम्ही स्वतःच्याच प्रोजेक्टमध्ये पुन्हा साथीला बसलात, तेही यंत्राच्या. कंटाळा येणारच.

त्यामुळे पहिला निर्णय एकच: तुमच्या संगीतात लेहऱ्याची जागा कोण घेणार? माझ्या कामात याची तीन उत्तरं येतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या रचनांसाठी मी वापरतो. यातलं कोणतं बरोबर हे तुम्हाला नाचणारे श्रोते हवेत की बसून ऐकणारे, एकट्याने वाजवणार की कुणाबरोबर, यावर अवलंबून आहे. ते मी इथून सांगू शकत नाही.

पहिलं उत्तर, यंत्रच लेहरा. यंत्राची लय पक्की, तुम्ही तिच्यावर खेळता. इथे एक अडचण लगेच येते. एकल वादनात पेशकारापासून वेगवान रेल्यापर्यंत लय हळूहळू चढत जाते, यंत्र मात्र मिनिटाला १२० मात्रा म्हटल्या की १२०. लय चढवायची असेल तर ती आधीच आखून ठेवावी लागते, नाहीतर दुगुन-चौगुनीनेच चढ दाखवावा लागतो. पण याच उत्तरात आपल्यासाठी मोठी संधीही आहे. यंत्रावर ड्रमचा लूप न लावता पाच-सहा सुरांची साधी ओळ लावा, आणि ती सोळा मात्रांची न ठेवता सात मात्रांची ठेवा. तुम्ही सोळा मात्रांचा तीनताल वाजवा. दोघांची सम ११२ मात्रांनी एकत्र येते. १२० च्या लयीत ती येते दर ५६ सेकंदांनी. ओळ दहा मात्रांची केलीत तर ८० मात्रांनी, म्हणजे ४० सेकंदांनी. या मधल्या काळात तीच ओळ तुमच्या प्रत्येक आवर्तनाखाली वेगळ्या जागी पडते, आणि समेला दोघे एकत्र आले की सभागृहात बसलेल्या, ताल न शिकलेल्या माणसालाही ते जाणवतं. संगणकावर संगीत करणारे बरेचसे लोक चारच्या पटीतून बाहेर पडत नाहीत. आपण लहानपणापासून तिहाया आणि चक्रदार बोटांवर मोजत आलोय. हा हिशोब आपलं भांडवल आहे, तो वापरा.

दुसरं उत्तर, लेहरा नाहीच. मागे फक्त लांबलेला स्वर, आणि लय पूर्णपणे तुमच्या हातात. हे मला सर्वांत जवळचं, आणि नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. तो स्वर बाहेरून आणू नका, स्वतःच्या तबल्यातून काढा. चाटीवरचा (कडेच्या पट्टीवरचा) एक स्वच्छ ‘ना’ किंवा लवेवरचा (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावरचा) ‘तिं’ रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पॉलस्ट्रेच म्हणून एक इफेक्ट मिळतो. सेकंदभराचा तो बोल त्यातून मिनिटभर लांबवा. ऐकून थक्क व्हाल, तानपुऱ्याच्या घराण्यातला वाटावा असा भरीव सूर निघतो.

हेच स्नेअर ड्रमवर केलं तर नुसती खरखर हाती येते, आणि त्याचं कारण शाईत, तबल्यावरच्या त्या काळ्या गोलात, आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, पहिलाच साधारण १.५९ पट असतो. शाईच्या वजनामुळे तबल्यात ते दुप्पट, तिप्पट, चौपट असे सुरेल पटींत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं होतं. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, बनवणाऱ्या कारागिरांनी हे कानाने आणि हाताने त्याच्या कितीतरी आधी साधलेलं. आता बंद बोल घ्या, ‘ति’ किंवा ‘ट’, आणि तोही लांबवा. त्यातून सूर निघणार नाही, वाऱ्यासारखा आवाज निघेल. म्हणजे उघडे बोल सुरासाठी आणि बंद बोल पोतासाठी. तबल्याचं सगळं व्याकरण जसंच्या तसं इलेक्ट्रॉनिक साहित्य म्हणून तुमच्याकडे आधीच आहे. सिंथेसायझर मी आत्ता घेऊ नका म्हणतो ते यासाठी.

तिसरं उत्तर सर्वांत अवघड: यंत्र तुमच्या मागे चालतं. तुम्ही वाजवाल तसं ते ऐकतं आणि उत्तर देतं. यासाठी प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेलं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. त्यात ठोका ओळखणारा ‘बॉन्क’ नावाचा एक भाग आहे. ठोका कधी पडला हे तो सांगतोच, शिवाय त्याला बोल शिकवले तर कोणता पडला याचा बऱ्यापैकी अंदाजही देतो.

या तिसऱ्या वाटेवर बहुतेक तबलावादक जिथे अडकतात ती जागा जरा जवळून दाखवतो. ठोका ओळखायला माइकपेक्षा पिझोची (कंप टिपून त्याचा विजेचा सिग्नल करणारी) चकती बरी, कारण ती शेजारचा आवाज कमी घेते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दहा-वीस रुपयांत मिळते. पुडीवर चिकटवू नका, नाद मरतो. डग्ग्याच्या धातूच्या अंगावर लावा, आणि तबल्याला लाकडावर, गजऱ्याच्या खाली. वायर सोल्डर करून जॅक लावा, आणि तो साउंड कार्डच्या माइकच्या नव्हे, गिटारच्या इनपुटला जोडा. माइकचा इनपुट पिझोला मानवत नाही, खालचा सगळा खर्ज कापला जातो आणि पत्र्यासारखा आवाज येतो.

आता सेटिंग. एका ठोक्यानंतर किती वेळ दुसरा ठोका मोजायचा नाही, असा एक आकडा यंत्राला द्यावा लागतो, नाहीतर एकाच ‘धा’चे तीन ठोके मोजले जातात. बऱ्याच ठिकाणी तो १०० मिलिसेकंद दिलेला असतो. हिशोब करा. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत ‘तिरकिट’ मात्रेत एकदा वाजलं तर सेकंदाला १६ बोल पडतात, म्हणजे दोन बोलांत जेमतेम ६२ मिलिसेकंद. यंत्राच्या दृष्टीने तुमचं तिरकिट अर्धं गायब. मी तबल्याला हा आकडा ३० ते ४० वर ठेवतो. डग्ग्याची घूम लांबते, त्याला ८० च्या पुढे, आणि दोघांना वेगळ्या चकत्या, वेगळे चॅनेल. दोन्ही चुंबळींखाली रबराचा जाड तुकडा घाला, नाहीतर तबल्याचा ठोका जमिनीतून डग्ग्याच्या चकतीपर्यंत जातो.

एवढं करूनही रेल्यातला प्रत्येक बोल यंत्राने पकडावा ही अपेक्षाच मी सोडून दिली आहे, आणि त्याने रचना सुधारली. यंत्राला मी फक्त डग्ग्याचे उघडे बोल ऐकवतो. ‘धा’ आणि ‘गे’ पडला की मागचा सूर हलतो, ‘ता’ आणि ‘तिं’ला स्थिर राहतो. म्हणजे भरीत (डग्गा घुमतो त्या भागात) यंत्र हलतं आणि खालीत (डग्गा गप्प असतो त्या भागात) आपोआप थांबतं. ठेक्याची भरी-खाली ऐकणाऱ्याला सुरात ऐकू येते, आणि त्यासाठी मला बोटं सोडून काहीही करावं लागत नाही.

यंत्र उशिरा उत्तर देतं, त्याबद्दलही बोलू. साउंड कार्ड आवाज गठ्ठ्याने पाठवतं. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुने असेल तर एका बाजूला सुमारे १०.७ मिलिसेकंद जातात. आत आणि बाहेर धरून २१ च्या वर. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे यंत्र तुमच्यापासून सात मीटरवर बसून वाजवतंय असं होतं. पेशकारात चालेल, द्रुत कायद्यात (ठरावीक बोलांचे पलटे करत नेणाऱ्या रचनेत) हात अडखळेल. गठ्ठा ६४ वर आणला तर एका बाजूचे १.३ मिलिसेकंद होतात, पण जुना लॅपटॉप कडकड करू लागतो. यावर माझा साधा उपाय: तबल्याचा स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून कधीच फिरवायचा नाही. तो साउंड कार्डवरून थेट बाहेर. लॅपटॉपमधून फक्त तेच, ज्याला उशीर झाला तरी बिघडत नाही: लांबलेले सूर, प्रतिध्वनी, उलटे फिरवलेले बोल.

आता खरेदी. ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या कामांतून तुमची कमाई होत असेल तर ऑक्टोपॅड जरूर घ्या, चार पैसे लवकर परत येतील. पण या प्रोजेक्टसाठी नको. ऑक्टोपॅडवर काठ्यांनी वाजवायचं, आणि तुमची इतक्या वर्षांची तयारी बोटांत आहे. तर्जनी आणि अनामिकेतला फरक, मनगटाच्या दाबाने डग्ग्यावर काढलेली घीस, हे काठीच्या टोकाला येत नाही. बोटांनी वाजवायचे पॅडही मिळतात, रोलंडचा हँडसोनिक त्यातला माहितीचा, पण तोही दुसऱ्या वर्षी बघा. आत्ता चार इनपुटचं एक साउंड कार्ड, तबल्याला आणि डग्ग्याला एकेक डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, पिझोच्या चकत्या, बऱ्या केबल आणि दोन लहान स्टँड. पन्नास हजारांत हे बसतं आणि थोडे उरतात. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर घ्या. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. उरलेल्या पैशांत एक चांगली पुडी घाला. हे मी मनापासून सांगतो. बेसूर तबला लांबवला की बेसूरपणाही साठ पट लांबतो.

पायाच्या स्विचचा मोह होईल. मांडी घालून बसलेल्या माणसाला तो वापरता येत नाही, आणि दोन्ही हात गुंतलेले. काही जण खुर्चीवर बसून तबला स्टँडवर घेतात. मला बैठक सोडवत नाही, म्हणून मी रचनाच अशी करतो की स्विच लागू नये: एक पूर्ण आवर्तन हात थांबले की यंत्राने समजायचं, पुढचा भाग सुरू. त्यामुळे शांतता ही रचनेतली कृती होते. साथीला सवयीने सतत वाजवत राहिलेल्या हातांना थांबायला शिकावं लागतं, आणि तेही याच निमित्ताने होतं.

रंगमंचावर दोन गोष्टी सांभाळा. एक, खर्ज. डग्ग्याचा मुख्य नाद साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास घुमतो, घीसेने तो वर चढतो. तिथेच तुम्ही सिंथचा बेस भरलात तर डग्गा बुडतो, शिवाय मोठ्या स्पीकरसमोर त्याची पुडी स्वतःहून थरथरू लागते आणि घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. मागच्या सुरांतून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. डग्गा हाच तुमचा बेस, आणि मींड घेणारा बेस आहे तो. दोन, सूर. काळी एकचा तबला साधारण २७७ हर्ट्झवर असतो, पण दिव्यांच्या उष्णतेने पुडी सुकून चढते आणि पावसाळ्यात उतरते. यंत्राचा सूर जागचा हलत नाही. दर वेळी हातोडी घेऊन बसण्यापेक्षा यंत्राचे सगळे सूर एकत्र थोडे वर-खाली करणारं एक बटण आधीच करून ठेवा, आणि यंत्र तबल्याला मिळवा.

पैशाचं थोडक्यात. या कामाने निदान सुरुवातीला घर चालत नाही. साथ, शिकवण्या, नाटकांचं आणि नृत्याचं पार्श्वसंगीत चालू ठेवा. प्रायोगिक नाटकवाल्यांना अशा आवाजांची गरज असते, आणि तिथे तालमीत प्रयोग करून बघायला मिळतात. रेकॉर्डिंग प्रसिद्ध करायला बँडकॅम्प ही वेबसाइट बरी, डिजिटल विक्रीतले १५ टक्के ती ठेवते. स्वतःच्या रचना असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. ताल आणि परंपरेतला ठेका कुणाच्या मालकीचा नाही, पण रेकॉर्डिंगची मालकी असते, आणि आपल्याकडे ती प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकते. जुन्या तबकडीतला आवडता तुकडा कापून लूप करण्याआधी परवानगी हवी.

इथपर्यंतचं एकत्र बांधायचं तर: आधी लेहऱ्याची जागा ठरवा, मग सगळे आवाज स्वतःच्या तबल्यातून काढा, तबल्याचा मूळ आवाज लॅपटॉपच्या बाहेर ठेवा, आणि पहिली रचना आठ-दहा मिनिटांचीच करा.

राहिला गुरुजींचा प्रश्न. ‘परंपरा सोडतोय’ अशा सुरात हे सांगायची गरज नाही, कारण तसं नाहीच. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला, तेव्हा त्या स्टुडिओत रचना करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, आणि त्या पखवाज वाजवायच्या. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू, गायिका शोभाताई गुर्टू यांचे चिरंजीव, झांजा आणि घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा सूर खाली ओढतात, तिथे तर वीजही लागत नाही. लंडनमध्ये तलविन सिंग यांनी तबला क्लबमध्ये नेला आणि १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळवला. झाकीरभाईंनी बिल लासवेल, कर्ष काळे यांच्याबरोबर ‘टॅब्ला बीट सायन्स’ केलं, आणि त्याच काळात त्यांचं एकल वादन ऐकायला पहाटेपर्यंत लोक बसत होते.

फक्त एक पथ्य पाळा. गुरुजींनी विश्वासाने दिलेल्या घराण्याच्या खास बंदिशी त्यांना विचारल्याशिवाय यंत्रातून फिरवू नका. स्वतःचा कायदा बांधा, त्याचे पलटे करा. रचना तयार झाली की मोबाइलवर पाठवू नका. साउंड कार्ड आणि एक लहान स्पीकर घेऊन त्यांच्याकडे जा, समोर बसून वाजवा, आणि सुरुवातीलाच सांगा की सात मात्रांची ही ओळ माझा लेहरा आहे, मी तीनताल वाजवतोय. ते हातावर ताल धरतील. ‘बोलांचा निकास ऐकू येत नाही’, म्हणजे बोल स्वच्छ उमटत नाहीत, असं म्हणाले तर ती नापसंती समजू नका, मिक्सिंगवरचा नेमका अभिप्राय समजा. बहुतेक वेळा चाटीच्या आवाजावर मागचा सूर चढलेला असतो. त्या सुराचा दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवा आणि त्यांना पुन्हा ऐकवा.